उशाशी कुणी

नर्सिंगच्या कॉलेजात स्किल लॅबच्या टेबलावर एक पेल्विस असतो आणि एक बाहुली असते. बाहुली कित्येक बॅचच्या हातांनी मळलेली, तिच्या टाळूवरच्या रेघा पेनाने पुन्हा पुन्हा गिरवलेल्या. हाडांच्या त्या कड्यातून बाहुली बाहेर काढून दाखवायची आणि काढताना तोंडाने एकेक पायरी म्हणायची, अशी परीक्षा असते. हनुवटी छातीला टेकते. डोकं आडवं आत शिरतं, तळाशी पोचलं की वळतं आणि बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे होतं. मग कमानीखालून मान उचलत कपाळ, नाक, हनुवटी. बाहेर आलेलं डोकं पुन्हा आपल्या खांद्यांच्या रेषेत येतं. एवढं वळायचं कशासाठी, तर वाट वरच्या तोंडाशी आडवी रुंद आहे आणि खालच्या तोंडाशी उभी. मला हा धडा पहिल्यापासून फार आवडतो. तो पाठ झाल्यावर मी एसटीत समोर बसलेल्या माणसांकडे बघत राहायचे: ही पागोट्याची आजोबा मंडळी, हा कंडक्टर, ही डबा घेऊन निघालेली मुलं, यांतले बहुतेक जण असंच वळत वळत इथवर आले.

या बाहुलीला वेळ मात्र लागत नाही. मॅडम "चल, दाखव" म्हणतात आणि मिनिटभरात प्रसूती होते. खऱ्या बाईला पहिल्या खेपेला बारा तास लागतात, कधी त्याहून जास्त. त्या बारा तासांत लेबर रूममधल्या नर्सने काय करायचं हे पुस्तकात आहे. पोटावर सपाट हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली ते मोजायचं. अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे; ते ११० ते १६० च्या दरम्यान असावेत. आईची नाडी, रक्तदाब, ताप बघायचा. पिशवीचं तोंड किती उघडलं ते चार तासांनी तपासायचं, उगाच मधेमधे नाही. हे सगळं नीट केलं तरी तासातली कितीतरी मिनिटं उरतात. त्या मिनिटांत कुठं असायचं? टेबलाजवळ, की रजिस्टर भरायला बाहेरच्या टेबलावर? लेबर रूमची तयारी म्हणून मी जे काही शिकते आहे, ते शेवटी मला या प्रश्नाशी आणून सोडतं.

आमच्याकडे केस बुक असतं. इतक्या गरोदर बायकांची तपासणी, इतक्या प्रसूती पाहिल्या, इतक्या केल्या, इतके टाके घातले, इतक्या बाळंतिणींची आणि नवजात बाळांची काळजी घेतली. कित्येक वर्षं प्रसूतींचा हा आकडा वीस होता. प्रत्येक नोंदीखाली सही लागते. ही वही हवीच, कारण तिच्याशिवाय मुली हात न लावताच पास होतील. पण तिच्यामुळे एक सवयही लागते. बाळ बाहेर यायच्या वेळी टेबलाभोवती पाच विद्यार्थिनी उभ्या असतात, "ही केस माझी" म्हणून हळूच वाद चालतो, आणि बाळ झालं, वार पडली, सही मिळाली की सगळ्या पांगतात. तीच बाई आधी रात्रभर भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. त्या तासांसाठी वहीत रकाना नाही.

बॅचमधल्या बऱ्याच जणींना आयसीयूत जायचं आहे. काही जणींनी जर्मन भाषेचे क्लास लावले आहेत. त्यात वावगं काही नाही. आमच्या नगर जिल्ह्यातल्या मुलींनी जगभर जावं. मी लेबर रूम म्हटलं की आमची पाथर्डीची आत्या मात्र कपाळाला आठ्या घालते. "बाळंतपणं करायला चार वर्षं शिकायचं? ती तर सुईण करायची की." आत्याच्या बोलण्यामागे जुनी गोष्ट आहे. बाळंतपण विटाळाचं, म्हणून नाळ कापायचं काम गावाने ठरावीक जातींतल्या बायकांवर टाकलं. हात त्यांचे हवे, पण नंतर तोच हात पाण्याच्या हंड्याला नको. हे काम हलकं ठरलं ते तिथूनच, आणि चार वर्षांच्या पदवीने तो डाग अजून पुरता धुतला गेलेला नाही.

याच नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं काम शिकल्या. आम्ही त्यांना शिक्षिका म्हणूनच ओळखतो. पण १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली होऊ लागली. त्यांतल्याच काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. कुणालाही न सांगता, रात्री तोंड झाकून आलेली एक घाबरलेली बाई, आणि तिच्यापाशी सावित्रीबाई. नर्सिंगच्या इतिहासाच्या तासाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल येते, यायलाच हवी. त्याच तासाला हे घरही आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांच्या कामाची कीर्ती मोठी आहे, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कारही आहे, पण मी परत परत वाचते तो त्यातला सुरुवातीचा, फसलेला भाग. आरोळ्यांनी आधी प्रशिक्षित नर्स-दाया गावोगाव ठेवायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. एकटी, तरुण, बाहेरून आलेली मुलगी गावात राहायची कशी? तिला सुरक्षित वाटेना, आणि गावाला ती आपली वाटेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. निवडून आलेल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, रात्री तिथेच मुक्काम करत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका छपराखाली झोपायच्या, एका पंगतीत जेवायच्या. शिकायचं ते चित्रांवरून, गाण्यांतून, एकमेकींना सांगून. हात धुणं, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, नाळेला शेण-राख न लावणं, आणि कोणती बाई घरी ठेवायची नाही हे वेळेत ओळखणं.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. वीस-बावीस वर्षांत हा आकडा विसाच्या आत आला. मुक्ताबाई पोळ, ललनबाई कदम ही नावं आरोग्याच्या पुस्तकांत गेली. मुक्ताबाई तर वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलून आल्या. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' म्हटलं गेलं, त्यामागे जगातले जे थोडे प्रयोग होते त्यांत जामखेड होतं.

नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीने ही कथा वाचली की ती जरा टोचते. जिथं माझ्यासारखी शिकलेली टिकली नाही, तिथं न शिकलेली टिकली. ज्ञान तर त्या नर्सकडे जास्त होतं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला एकच उत्तर सापडतं. जामखेडची आरोग्य सेविका बोलावलं की जायची आणि बाळ होईपर्यंत तिथंच असायची. तिला उठून दुसरीकडे जायचं नव्हतं. बाईची सासू, जाऊ, पाण्याची टंचाई, नवऱ्याची दारू हे सगळं तिला ठाऊक होतं, त्यामुळे भीती कशाची आहे हेही ठाऊक होतं. नुसत्या बसण्याने मूल वाचत नाही, त्याला स्वच्छ पातं लागतं. पण पातं घेऊन आलेली बाई थांबली नाही, तर पुढच्या खेपेला तिला कुणी बोलावत नाही.

आता काळ बदलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ ची जननी-शिशू योजना, १०२ आणि १०८ ची गाडी, गावोगावची आशा, या सगळ्यांनी मिळून हे घडवलं. राज्यात लाख जन्मांमागे मरणाऱ्या मातांची संख्या २०१८-२० मध्ये ३३ वर आली होती, देशाची तेव्हा ९७ होती. घरची बाळंतपणं छान होती असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आमच्याच भावकीत बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत. त्यांचे फोटोसुद्धा कुणी काढले नव्हते. दवाखाना हवाच. पण घरातून दवाखान्यात येताना बाईबरोबर सगळं आलं, फक्त तिच्या उशाशी बसणारी दाराबाहेर राहिली.

आमच्याकडे गाय व्यायला झाली की घरात कुणी धड झोपत नाही. वडील गोठ्यात घोंगडं टाकतात, आई दोनदा चहा करून नेते, गाईच्या पाठीवरून हात फिरवत "व्हय माय, व्हय" म्हणत बसतात, वार पडेपर्यंत कुणी हलत नाही. गाईसाठी जे गोठ्यात सहज घडतं ते बाईसाठी लेबर रूममध्ये घडवायला आदेश काढावा लागला. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई असू द्यावी, असं केंद्राने २०१६ मध्ये सांगितलं. तरीही कितीतरी ठिकाणी आई आणि सासू जिन्यात बसून असतात. जागा नाही, गर्दी होते, पडदे नाहीत, अशी कारणं असतात. ती खरीही असतात. पण १७ देशांतल्या १५,००० हून अधिक बायकांवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत, आणि त्यांतून दिसतं की कळा सुरू असताना कुणीतरी सतत जवळ असेल तर नैसर्गिक प्रसूती जास्त होतात, सिझर कमी होतात, कळांचा काळही थोडा कमी होतो. एवढा गुण एखाद्या गोळीत असता तर ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असती.

गोठ्यावरून ऑक्सिटोसिन आठवलं. दुधाच्या या जिल्ह्यात हे इंजेक्शन कितीतरी घरांना दवाखान्याच्या आधी म्हशीमुळे माहीत आहे. पान्हा सोडत नाही म्हणून टोचायचं. तो गैरवापर थांबवायला २०१८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला बंदी घातली आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण हे औषध आईचा जीव वाचवतं. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत मांडीत दहा युनिट, गर्भाशय आवळून येतं, रक्त थांबतं. हे माझ्या हातात झोपेतही यावं इतकं मी घोकते आहे. ते थंड ठेवावं लागतं, फ्रिज बंद पडला की त्याची ताकद जाते, म्हणून ड्यूटीवर गेल्या गेल्या फ्रिजचा काटा बघायचा हेही. पण तेच औषध बाळ व्हायच्या आधी, सलाईनमधून, निव्वळ लवकर उरकावं म्हणून चढवलं जातं तेव्हा पोटातल्या बाळाचा श्वास कोंडू शकतो. थांबण्याचा कंटाळा आला की माणूस इंजेक्शनाकडे वळतो, आणि नातेवाईकही "सिस्टर, एखादं इंजेक्शन द्या ना" म्हणत असतात. नको म्हणायचं धैर्य कुठल्या लॅबमध्ये शिकवत नाहीत. शरीर हेच रसायन स्वतः बनवतं आणि भ्यायलेल्या बाईत त्याचं काम मंदावतं, हे कळलं तेव्हा मला उशाशी बसण्याकडे औषधोपचार म्हणून बघता यायला लागलं.

म्हणजे नर्सने नुसतं वाट बघत बसावं असं नाही. केव्हा बसायचं आणि केव्हा धावायचं हे ओळखणं हीच तर विद्या. आणि त्यासाठी एक कागद आहे. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात पार्टोग्राफ घडवला तो मोठ्या इस्पितळासाठी नव्हे, तर दूरच्या दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्या सुइणींसाठी. आलेखावर दोन रेघा. बाईची रेघ पहिलीच्या उजवीकडे सरकली की गाडी बोलवा. अकोले तालुक्यातल्या एखाद्या डोंगरी केंद्रात रात्री दोन वाजता बसलेल्या सिस्टरला कागदाची ही रेघ किती मोठा आधार आहे, हे भंडारदऱ्याच्या बाजूचा पावसातला रस्ता बघितल्याशिवाय कळायचं नाही. पुढे मात्र त्या रेघेचा धाक झाला. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, नाहीतर लाव सलाईन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की निरोगी बायकांनाही याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि खरी कळ पाच सेंटिमीटरपासून धरा. २०२० मध्ये नवा तक्ता आला. त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही आधी चार ओळी आहेत: सोबत कुणी आहे का, वेदना कमी करायला काही केलं का, प्यायला दिलं का, आणि बाई कशी आहे, हिंडतेफिरते की उताणी पडून आहे. सोबत नसेल, किंवा बाई उताणी पडून असेल, तर तिथं धोक्याची खूण करायची, जशी ठोके घसरल्यावर करतो तशीच. आमच्या केस बुकात नसलेला रकाना मला त्या तक्त्यात सापडला.

तरी कागदाच्या बाहेर राहणाऱ्या बायका आहेतच. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या आणि शेजारच्या बीडच्या टोळ्या कोयता घेऊन निघतात. १९५० च्या आसपास लोणीला विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला; जिल्ह्याचा उत्तर भाग पाण्याचा आणि उसाचा, दक्षिण भाग तो तोडायला जाणारा. सातवा-आठवा महिना असलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरला चढते. कळा सुरू होतात त्या कोपीत, पहाटे, परक्या तालुक्यात. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं असतं. रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, आधीचं सिझर आहे का ते ती नीट सांगू शकत नाही. अशा बाईला लेबर रूममध्ये पहिला प्रश्न येतो तो "कार्ड कुठंय?" आणि तो विचारला जातो दरडावून. ती आणखी आक्रसते. मग तिच्याकडून पुढचं काहीच कळत नाही. चार मायेच्या शब्दांनी सुरुवात केली, आधी पाणी दिलं, हात ऊबदार करून पोटावर ठेवला, तर तीच बाई दहा मिनिटांत सगळं सांगते: मागच्या खेपेला खूप अंगावरून गेलं होतं, पिशवीतून रक्त चढवलं होतं. ही एक माहिती मिळाली की वार पडायच्या आधीच आपण सावध असतो. मायेने बोलणं हा इथे तपासणीचाच भाग असतो.

लेबर रूममध्ये बायकांना काय काय ऐकवलं जातं ते नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. कळेने ओरडणाऱ्या बाईला तिच्या नवऱ्यावरून म्हणतात ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. मांडीवर बसणारी चापटही तशीच. हे करणाऱ्या सगळ्या दुष्ट असतात असं नाही. सलग रात्रपाळ्या, एका सिस्टरवर सगळी टेबलं, डॉक्टर ओटीत, रजिस्टरं अर्धी, पाणी गेलेलं. अशा वेळी आवाज चढतो आणि चढलेला आवाज सवयीचा होतो. पण ज्या बाईला ते ऐकावं लागतं, ती पुढची वीस वर्षं ते विसरत नाही, हे मी माझ्या चुलत बहिणींकडून ऐकलं आहे. बाळाचं वजन किती होतं ते त्या जरा आठवून सांगतात. सिस्टर काय बोलली ते लगेच सांगतात.

आमच्या वॉर्डात एक मावशी आहेत. त्यांचं काम चादरी बदलायचं आणि फरशी पुसायचं. कुठल्याही वहीत त्यांच्या नावावर प्रसूती नाही. पण कळ आली की त्या पुसणं थांबवतात, बाईच्या कमरेला तळहाताने दाब देतात, "तोंडानं फुंकर मार, मेणबत्ती विझवल्यावानी" म्हणतात, कळ ओसरली की पुन्हा पोछा उचलतात. कमरेचा तो दाब कुठे द्यायचा ते मी त्यांच्याकडून शिकले. पुस्तकात त्याचं चित्र आहे, पण चित्रावरून जोर कळत नव्हता.

इंटर्नशिप संपली, परीक्षा झाली की नावापुढे आरएन आणि आरएम लागेल. त्यातलं दुसरं मिडवाइफचं. २०१८ च्या डिसेंबरात केंद्राने मिडवायफरीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नर्सला १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन साध्या प्रसूती तिच्या हाती सोपवायच्या, अशी ती योजना आहे. राज्यात चारांतलं एक बाळ सिझरने होत असताना ही योजना मला फार मोलाची वाटते आणि मला तिकडे जायचं आहे. त्याआधी दोन-तीन वर्षं कुठल्या तरी गर्दीच्या लेबर रूममध्ये हात बसवायचा आहे. मुलाखती सुरू होतील तेव्हा मैत्रिणी पगार आणि राहायची सोय विचारतील, मीही विचारेन. पण आधी विचारणार आहे की रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती बायका असतात, बाईच्या आईला आत येऊ देता का, आणि टेबलाशेजारी बसायला स्टूल आहे का.